पायाचा अंदाज : गुडघ्याच्या जाणिवेचा शोध



आजचा विषय पत्रिकेत जरा बोजड छापला गेलाय: ‘गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीनंतर खेळाडूंना होणारी सांध्याच्या स्थितीची जाणीव’. नाव असंच द्यावं लागतं. पण या जाणिवेला मराठीत फार जुना आणि घरगुती शब्द आहे. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपलेली असते, आपण आणखी एक धरून पाय टाकतो, आणि सगळं अंग हादरतं. मग आपण काय म्हणतो? ‘पायरीचा अंदाज आला नाही.’ माथेरानहून धोदाणीच्या बाजूने संध्याकाळी उतरलेली मंडळी इथे बसली असतील. तिथे डोळे पुढच्या दगडावर असतात आणि पाय आत्ताच्या दगडावर. पायाकडे कोणी बघत नाही. तरी तो बरोबर जागी पडतो, कारण त्याला अंदाज असतो. हा अंदाज म्हणजे नेमकं काय, तो शरीरात कुठे राहतो, आणि गुडघ्यातली एक दोरी तुटली की तो का बिघडतो, हे शोधायला माणसाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली. त्या शोधाचा इतिहास मी सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे औषधोपचार विचारू नका, पण ‘जाणणं म्हणजे काय’ हा माझा धंद्याचाच प्रश्न आहे.

ज्ञानेंद्रियं किती, असं विचारलं की शाळेतलं पोरही पाच म्हणून सांगतं. ग्रीकांकडे ॲरिस्टॉटलने पाच मोजली. आपल्याकडे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं आणि दोन्हींकडचं मन अशी मांडणी आहे. यात पाय कुठे आहे बघा. तो कर्मेंद्रियांत आहे. पाय करतो, पाय जाणत नाही. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला वर्षानुवर्षं काही खटकलं नाही, कारण वर्गात कोणी चालत नसतं.

वैद्यकाची परंपरा मात्र या बाबतीत जास्त सावध होती. सुश्रुताने मर्मं मोजली त्यात ‘जानु’ म्हणजे गुडघा आहे. तिथे आघात झाला तर माणूस मरत नाही, पण लंगडा होतो, असं तो नोंदवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याने स्नायूंबद्दल जे म्हटलंय ते. शरीरात नऊशे स्नायू सांगून तो होडीची उपमा देतो: फळ्या पुष्कळ बंधांनी बांधल्या की होडी पाण्यात भार पेलते, तसा देह सांध्यांशी स्नायूंनी बांधलेला असतो. आणि पुढे म्हणतो की हाडं, मांस, शिरा, सांधे यांपैकी कशाच्याही इजेने माणसाचं तेवढं नुकसान होत नाही जेवढं स्नायूच्या इजेने होतं.

इथे एक अडचण आहे. आज मराठीत आपण स्नायू म्हणतो ते मसलला. सुश्रुताचा स्नायू म्हणजे बांधणारी दोरी, आजच्या भाषेत लिगामेंट आणि टेंडन. सुश्रुताची मसल म्हणजे ‘पेशी’, आणि पेशी हा शब्द आपण सेलला देऊन टाकला! त्यामुळे मराठी वाचकाने सुश्रुत भाषांतराशिवाय वाचला तर तो नेमका उलटं समजेल. लिगामेंटसाठी पाठ्यपुस्तकात ‘अस्थिबंध’ आहे, मी तोच वापरतो. मैदानावरची मुलं ‘लिगामेंट गेलं’ म्हणतात, त्यांचंही बरोबर आहे.

पण सुश्रुताची दोरी बांधते फक्त. ती काही कळवते असं तो म्हणत नाही. तो विचार यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

१८२६ साली चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध मांडला. म्हणणं साधं होतं. मेंदूकडून मसलकडे हुकूम नेणारी एक नस असते, तशी मसलची अवस्था मेंदूला परत कळवणारी दुसरी नस असली पाहिजे. दोन्ही मिळून वर्तुळ पूर्ण होतं. आंधळा माणूस तोल सांभाळून ताठ उभा कसा राहतो, हा त्याचा प्रश्न होता. बेलने नोंदवलेली एक हकिगत मला फार बोलकी वाटते. अंगावर पाजणारी एक आई. तिच्या एका हातातलं बळ गेलेलं, दुसऱ्या हातात बळ होतं पण जाणीव गेलेली. त्या बळाच्या हाताने ती बाळाला छातीशी धरू शकत होती, मात्र बाळाकडे बघत असेपर्यंतच. नजर दुसरीकडे गेली की हात हळूहळू सैल पडायचा आणि बाळ पडायची भीती. हाताला बळ होतं, अंदाज नव्हता. बेलने या जाणिवेला मसलची जाणीव म्हटलं आणि पाचांच्या पंगतीत सहावीचं पान मांडलं.

पुढच्या दोन दशकांत बर्लिनच्या रोम्बर्गने एक चाचणी दिली. पाय जोडून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. पाठीच्या कण्यातले हे निरोप नेणारे मार्ग रोगाने खराब झालेले असतील, तर डोळे मिटताच माणूस डोलतो, पडतो. असे रोगी सकाळी तोंडावर पाणी मारताना पडायचे, कारण तेवढ्यापुरते डोळे मिटतात. घरी करून बघा, भिंतीजवळ उभे राहून.

मग चार्ल्स शेरिंग्टन. मसलच्या आत सूतकताईच्या चातीसारख्या आकाराचे बारीक अवयव असतात. १८९४ साली त्याने दाखवलं की त्यांच्याकडे जाणाऱ्या नसा हुकमाच्या नाहीत, संवेदनेच्या आहेत. मसलकडे जाणाऱ्या नसेतले एक तृतीयांश ते निम्मे तंतू बातमी परत आणणारे असतात. मसल म्हणजे नुसता हमाल, ही समजूत तिथे मोडली. १९०६ साली त्याने या सगळ्याला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘प्रोप्रिअस’ म्हणजे स्वतःचं. बाहेरचं जग जाणणाऱ्या इंद्रियांहून वेगळी, स्वतःला जाणणारी व्यवस्था. १९३२ साली त्याला नोबेल मिळालं.

हे इतकं सरळ झालं असतं तर मी आज इथे उभा नसतो. भांडण आता सुरू होतं. पाय वाकलाय हे सांगतं कोण? कातडी, सांधा की मसल?

कातडीचा निकाल लावायला नेऱ्याहून चांगलं गाव मिळणार नाही. इथे कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे, तुम्ही ते लहानपणापासून बघत आलात. कुष्ठरोगाचा जंतू थंडावा शोधतो. म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत घर करतो: कोपराच्या मागची नस, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारी नस, घोट्याजवळची नस. स्पर्श जातो, ऊन-गार कळत नाही, दुखत नाही. पायात खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो आणि जखम चिघळते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं की हातापायांची झीज पुष्कळशी रोगाने आपोआप होत नाही. दुखणं कळत नाही म्हणून जपणं होत नाही, आणि न जपल्याने झीज होते.

आता याची दुसरी बाजू. तळव्याला काही कळत नाही अशा रुग्णाचे डोळे मिटवा, त्याचा गुडघा थोडा वाकवा आणि विचारा. बहुतेक वेळा तो बरोबर सांगतो. खोल मसलमधून येणाऱ्या जाड तंतूंच्या बातम्या शाबूत असतात. बेलच्या त्या आईच्या हाताची अवस्था याच्या बरोबर उलटी. स्पर्श आणि अंदाज ही दोन वेगळी खाती आहेत, एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहू शकतं. सांध्यावरची कातडी ताणली जाते तिचीही थोडी मदत होते, असं नंतरच्या प्रयोगांनी दाखवलं, बोटांत विशेषतः. पण मुख्य कारभार तिचा नाही.

उरले सांधा आणि मसल. इथे आपल्याला गुडघ्याच्या आत शिरायला हवं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये, सांध्याच्या पोटात, दोन अस्थिबंध एकमेकांना फुली मारून बसलेले आहेत. त्यातला पुढचा म्हणजे मुलांच्या तोंडी असलेला एसीएल. लांबी तीन-चार सेंटिमीटर. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये हे त्याचं काम. तुटला तर शिवायचा प्रयत्न १८९५ साली इंग्लंडमध्ये मेयो रॉबसन यांनी केला. १९१७ साली हे ग्रोव्ह्ज यांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी घेऊन नवा अस्थिबंध बसवला. या सगळ्यांच्या डोक्यात सुश्रुताचीच होडी होती: बंध तुटलाय, बांधून टाका.

१९३८ साली स्टॉकहोमच्या इव्हार पाल्मर यांनी गुडघ्याच्या अस्थिबंधांवर प्रबंध लिहिला आणि त्यात वेगळा सूर लागला. अस्थिबंध ताणला गेला की तो मसलला खबर देत असावा आणि मसल सांधा सावरत असावी. १९४४ साली अमेरिकेत ॲबट आणि सहकाऱ्यांनी तेच उचलून धरलं. म्हणजे दोरी नुसती दोरी राहिली नाही. ती दोरीही आहे आणि तारही, तारायंत्रातली तार.

ही कागदावरची गोष्ट झाली. आखाड्यात काय चाललं होतं? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून पैसे उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. पुढे ते पोलिसांत गेले. १९५६ च्या मेलबर्नची तयारी होती. ती गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने संपली. वय तीस. जरा त्या काळाचा हिशेब मांडा. आज गुडघा तपासताना डॉक्टर हमखास करतात ती लॅकमन चाचणी छापून आली १९७६ साली. वाटीखालच्या टेंडनची पट्टी घेऊन एसीएल बसवायची केनेथ जोन्स यांची रीत आली १९६३ साली. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया सर्रास व्हायला त्यानंतर वीस वर्षं गेली. १९५६ मधल्या पैलवानाच्या गुडघ्यासाठी जगातच फार काही नव्हतं, कोल्हापुरात कुठून असणार? शेक, लेप, पट्टा आणि वस्तादांचा सल्ला. आणि याच्या बरोबर साठ वर्षांनी, २०१६ साली, रिओमध्ये विनेश फोगाट उपांत्यपूर्व फेरीत गुडघा धरून कोसळली, तिला उचलून न्यावं लागलं. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. दोघांच्या जिद्दीत मला फरक दिसत नाही. फरक मधल्या साठ वर्षांत आहे.

ती साठ वर्षं शास्त्रज्ञ भांडत होते. खाशाबांचा गुडघा गेला त्याच सुमारास पारडं सांध्याकडे झुकलं होतं. मांजरांच्या गुडघ्यातल्या नसांवर प्रयोग झाले, सांध्याच्या नसा कोनाप्रमाणे बोलतात असं दिसलं, आणि पाठ्यपुस्तकांनी ठरवून टाकलं की स्थितीची जाणीव सांध्यात असते. मसल मुकी आहे. १९६७ साली तर अशी नोंद छापली गेली की मनगटाच्या शस्त्रक्रियेत जाग्या असलेल्या रुग्णांचं टेंडन ओढलं, मसल ताणली, तरी त्यांना काही कळलं नाही. बेल आणि शेरिंग्टन गेले कुठे, असा प्रश्न पडावा.

मग दोन-तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. १९६९ साली बर्जेस आणि क्लार्क यांनी मांजराचा गुडघा पुन्हा नीट तपासला. सांध्यातल्या बहुतेक नसा कधी बोलतात? गुडघा पूर्ण सरळ किंवा पूर्ण वाकलेला असताना. मधल्या टप्प्यात, जिथे आपण आयुष्याचा बहुतेक वेळ घालवतो, तिथे त्या जवळपास गप्प. वेशीवरचे पहारेकरी म्हणा हवं तर. गावात काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं. १९७२ साली गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी डोळे बांधलेल्या माणसाच्या कोपराजवळच्या टेंडनवर यंत्राने थरथराट दिला. हात जागचा हललेला नाही, पण माणूस शपथेवर सांगतो की हात सरळ होतोय. कारण थरथराटाने मसलमधल्या चात्या फसतात, त्यांना वाटतं मसल ताणली जातेय. १९७३ साली खुब्याचा पूर्ण सांधा बदललेल्या रुग्णांची तपासणी झाली. आतला सांधा धातू आणि प्लॅस्टिकचा, तरीही पाय कुठे आहे हे त्यांना चांगलं कळत होतं. आणि १९८३ च्या एका प्रयोगात संशोधकांपैकी एकाने स्वतःच्याच पायाच्या अंगठ्याचं टेंडन कापून घेतलं, ओढायला लावलं, आणि अंगठा हलल्यासारखं वाटतं हे जाहीर केलं. यज्ञात स्वतःची आहुती द्यावी तसंच हे!

माझ्या तत्त्वज्ञानाच्या सवयीने मी यात एक गोष्ट बघतो. ज्याच्या हातात जे उपकरण होतं त्याला जाणीव तिथे सापडली. सांध्याची नस हाताशी होती तेव्हा सांध्यात, थरथराटाचं यंत्र आलं तेव्हा मसलमध्ये. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

आणि मसलचा विजय होतोय तोच अस्थिबंधांनी उचल खाल्ली. १९८४ साली शल्ज आणि सहकाऱ्यांनी, १९८७ साली शुटे आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या एसीएलमध्ये संवेदनेच्या नसांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. अस्थिबंधाच्या जवळपास एक टक्का भाग नुसता नसांचा. पाल्मरची तार खरोखर होती. १९८९ साली बॅरक आणि सहकाऱ्यांनी एसीएल तुटलेल्या लोकांचा पाय यंत्राने अगदी हळू हलवला आणि कधी कळतं ते मोजलं. तुटलेल्या गुडघ्याला कळायला जास्त हालचाल लागली.

मोजायची दुसरी पद्धत आणखी सोपी आहे. खेळाडूला उंच खुर्चीवर बसवायचं, डोळे बांधायचे, पाय एका कोनात नेऊन थांबवायचा, परत आणायचा, आणि म्हणायचं, आता तू स्वतः तिथेच ने. किती अंश चुकला ते लिहायचं. अशा शेकडो चाचण्यांचं सार काय? दुखापतीच्या गुडघ्याची चूक जास्त असते, पण फरक लहान, बहुधा एक-दोन अंशांच्या आत. काही चाचण्यांत तर दुसरा, धडका गुडघाही थोडा चुकलेला सापडतो.

हे ऐकून निराश व्हायला होतं. एवढा गाजावाजा आणि फरक एका अंशाचा? एका अंशाने कोणी पडतो का?

एक प्रसंग सांगतो. माझ्याकडे पदवीच्या वर्गात एक मुलगा होता, कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा. शस्त्रक्रिया झाली, दोरी उत्तम बसली, तपासणीत गुडघा घट्ट. चार महिन्यांनी मैदानावर उतरला. मला म्हणाला, “सर, गुडघा घट्ट आहे हो, पण विचारून घ्यावं लागतं.” मी विचारलं, कोणाला? म्हणाला, “गुडघ्यालाच. पूर्वी पकड करायची म्हटलं की पाय गेलेलाच असायचा. आता आधी त्याला विचारतो, येतोस का?” तोपर्यंत चढाई करणारा निदान रेषा शिवून परत गेलेला असतो. देकार्तने म्हटलं होतं की मी माझ्या देहात नावाड्यासारखा नावेत बसलेलो नाही, त्याच्याशी एकजीव आहे. या मुलाच्या बाबतीत गुडघ्यापुरता तो नावाडी झाला होता. नावेत पाणी आलं की नाही ते वाकून बघणारा.

त्याचं बोलणं नुसतं मनाचं नव्हतं. १९९१ साली बॅरेट नावाच्या शल्यवैद्याने एसीएलच्या शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तपासले. गुडघा किती घट्ट आहे याच्याशी रुग्णाच्या समाधानाचा मेळ फारसा बसला नाही. स्थितीच्या जाणिवेशी बसला. म्हणजे डॉक्टर जे दाबून बघतात ते एक, आणि माणूस ज्यावर उभा राहतो ते दुसरं.

मग तो एक अंश? मला वाटतं, खुर्चीवर बसवून विचारलेला प्रश्नच तोकडा आहे. खेळताना सावकाश विचारायला वेळ नसतो. हँडबॉल-बास्केटबॉलमधल्या एसीएल तुटतानाच्या चित्रफिती घेऊन कोगा आणि सहकाऱ्यांनी २०१० साली गणित केलं. पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण चाळीस मिलिसेकंदांत अस्थिबंध जातो. म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. अस्थिबंधाची तार वाजून, कण्यातून निरोप फिरून, मसलमध्ये पुरेसा जोर येईपर्यंत त्याहून जास्त वेळ जातो. तार कितीही चांगली असली तरी चोर पळून गेल्यावर वाजणारी घंटा आहे ती. म्हणून सुदृढ खेळाडू घंटेची वाट बघतच नाही. पाय टेकायच्या आधीच मांडीच्या मागच्या-पुढच्या मसल सावध झालेल्या असतात. मेंदूने जमीन कुठे येणार याचा हिशेब आधीच केलेला असतो. मसलच्या चात्या, सांधा, कातडी, कानातला तोल, डोळे, आणि लाखो वेळा टाकलेल्या पावलांची आठवण, हे सगळं मिळून तो हिशेब होतो.

अंदाज! फारसीतून आलेला हा शब्द आपण मिठालाही लावतो, पावसालाही, पायालाही. अर्थ एकच, मोजल्याशिवाय आधीच बांधलेला हिशेब. शास्त्रज्ञांनी जाणीव म्हणून शोध सुरू केला आणि पोचले अंदाजापर्यंत. आपल्या आज्यांना हा शब्द आधीपासून माहीत होता, पण त्यांनी तो फक्त मिठाच्या बाबतीत आम्हाला शिकवला.

अस्थिबंध तुटतो तेव्हा या हिशेबातली एक आकडेवारी येईनाशी होते. नवी दोरी बसवतात ती मांडीच्या मागच्या किंवा वाटीखालच्या टेंडनची. बसवते वेळी तिच्यात चालती नस नसते. मेंदू मग उरलेल्या आकड्यांवर हिशेब जुळवतो, आणि डोळ्यांवर जास्त विसंबतो. गेल्या काही वर्षांत मेंदूच्या चित्रणातून हे दिसू लागलंय. याचं टोकाचं उदाहरण इयान वॉटरमन. एकोणीस वर्षांचा खाटीक, १९७१ साली एका तापानंतर त्याची मानेखालची स्पर्शाची आणि स्थितीची जाणीव पूर्ण गेली. मसल शाबूत, पण उठता येईना. पुढे तो नजरेने एकेक अवयव हलवत चालायला शिकला, नोकरी केली, गाडी चालवली. पण खोलीतला दिवा गेला की जमिनीवर. एसीएलच्या खेळाडूचं इतकं काही होत नाही. पण कबड्डीत डोळे समोरच्याच्या खांद्यावर हवेत, आणि याचे अर्धे गुडघ्याकडे. विचारून घ्यावं लागतं म्हणजे हेच.

आता तुमच्या कामाचं. रायगड जिल्ह्यात कबड्डी न खेळलेला माणूस शोधावा लागेल, आणि गुडघा गेलेला मुलगा शोधावा लागत नाही. १९९६ साली इटलीत काराफा आणि सहकाऱ्यांनी चाळीस संघांतले सहाशे फुटबॉलपटू घेतले. निम्म्यांना डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा रोज वीस मिनिटं सराव दिला. तीन हंगामांत त्या गटात एसीएलच्या दुखापती खूपच कमी झाल्या. दर संघामागे हंगामाला एकाहून थोड्या जास्तवरून पंधरा शतांशावर. ही बातमी जगभर फिरली, आणि प्रत्येक व्यायामशाळेत फळी आली. मग २००० साली स्वीडनमध्ये मुलींच्या फुटबॉल संघांवर फळीचाच प्रयोग केला, मुलींनी घरी सराव करायचा. फायदा दिसला नाही. म्हणजे फळीत जादू नाही. उडी मारून उतरणं, दिशा बदलणं, मांडीच्या मागची मसल मजबूत करणं, कोणीतरी समोर उभं राहून चुका सांगणं, असा मिश्र सराव ज्या कार्यक्रमांत आहे ते जास्त टिकले. हे सगळं फुटबॉल-हँडबॉलवर तपासलेलं आहे. कबड्डीत चार जण तुमच्या पायाला लोंबकळतात, ते कुठल्याच फळीने शिकवलेलं नाही.

आणि वेळ. नॉर्वेतल्या ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांचं २०१६ सालचं काम आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकं दर महिन्याला गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेलं. माझा तो डावा कोपरा चार महिन्यांनी उतरला होता. उरलेले पाच महिने कोण मागतं? मंडळाची स्पर्धा असते, गावची जत्रा असते, वडील म्हणतात डॉक्टरांनी घट्ट आहे सांगितलंय ना. टाके निघाले की मुलगा बरा झाला, असं आपण धरतो. त्याच्या पायाचा अंदाज अजून बांधला जात असतो, आणि तो दिसत नाही, म्हणून त्याला महिने द्यायला आपण तयार नसतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, यादी लावताना शस्त्रक्रियेची तारीख विचारा. आणि मुलाला उभं करून डोळे बांधा, दुखऱ्या पायावर एकट्या उभं राहायला सांगा, मग धडक्या पायावर. दोन्हींतला फरक तुम्हाला यंत्राशिवाय दिसेल. ती शास्त्रीय चाचणी नाही, आणि त्यात पास झाला म्हणून नऊ महिने माफ होत नाहीत. पण फरक दिसला तर त्या रविवारी त्याला राखीवमध्ये बसवा.

तो मुलगा पुढे काय झाला, असं पुढच्या रांगेतून विचारतायत. दुसऱ्यांदा गेला गुडघा. आता तो एका शाळेत खेळ शिकवतो, आणि मुलांना उडी मारून उतरायला शिकवतो, डोळे मिटून.

घ्या, आता तुमचे प्रश्न.